परसातल्या कोंबड्या: गरीब स्वभावाची, भरपूर अंडी देणारी जात कशी निवडायची

घरापुरत्या कोंबड्या पाळायचं ठरलं की जातीची चौकशी सुरू होते आणि प्रत्येक जण वेगळं नाव सांगतो. एक म्हणतो गिरिराज घ्या, दुसरा म्हणतो गावठीच बरी, तिसरा कडकनाथचे औषधी गुण सांगत बसतो. ज्यांच्याकडे थोडं परस आहे, घरात रोज तीन-चार अंडी हवी आहेत आणि अंगणात लहान मुलं, म्हातारी माणसं वावरतात म्हणून टोचणारी, अंगावर येणारी कोंबडी नको आहे, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. सगळे गुण एकाच जातीत शोधू नका. बहुतेक नवख्या घरांसाठी सहा-सात सुधारित जातीच्या कोंबड्या अंड्यांसाठी आणि त्यांच्या जोडीला एक-दोन गावठी कोंबड्या पिल्लं काढण्यासाठी, हीच जुळणी उत्तम चालते. सुधारित कोंबडी अंडी देते पण बहुधा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. गावठी अंडी कमी देते, पण तिच्यासारखी आई दुसरी नाही. आता यातली सुधारित कोणती घ्यायची, ते पायरीपायरीने बघू.

पहिली पायरी: किती अंडी हवीत, ते मोजा

गावठी कोंबडी परसात वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. दहा-पंधरा अंडी घालून ती खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवर बसते, मग पिल्लं घेऊन फिरते. एवढ्या काळात अंडं मिळत नाही. आठ गावठी कोंबड्या असल्या तरी वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला एक-दीड अंडं पडतं. त्याच आठ ग्रामप्रिया असतील तर परसातसुद्धा वर्षाला प्रत्येकी १६० ते १८० अंडी धरता येतात, म्हणजे दिवसाला साडेतीन ते चार. चार माणसांच्या घराला तेवढी पुरतात.

जातीच्या माहितीपत्रकावरचा अंड्यांचा आकडा मात्र जपून वाचा. तो बहुतेक वेळा पूर्ण खाद्य, चौदा-सोळा तास उजेड आणि बंदिस्त शेड यांचा असतो. परसातली कोंबडी निम्मं पोट किडे, गवत आणि खरकट्यावर भरते, डिसेंबरात तिला अकरा तासच उजेड मिळतो आणि मे महिन्यात ती धापा टाकत सावलीत बसते. म्हणून पत्रकावर २२० लिहिलं असेल तर मनात दीडशे-पावणेदोनशे धरा.

आणखी एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते: अंड्यासाठी कोंबडा लागत नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी तेवढीच अंडी देते, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी वाद होतील अशी वस्ती असेल, तर पहिलं वर्ष कोंबड्याशिवायच काढा.

दुसरी पायरी: आपली जागा कोणत्या कोंबडीला मानवेल, ते पाहा

जातीपेक्षा जागेचा विचार आधी करावा, कारण कोंबडी मरते ती बहुधा जागेमुळे.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं, पंख अंगापासून दूर धरणं आणि तुरा आणि चोचीखाली लोंबणारे गलोल यांतून उष्णता बाहेर टाकणं, एवढेच तिच्या हातात उपाय. त्यामुळे तिथे मोठ्या तुऱ्याची, हलक्या अंगाची कोंबडी टिकते. जड अंगाची, मांसासाठी वाढवलेली कोंबडी दुपारच्या उन्हात बघता बघता मान टाकते. गावठी कळपांत कधीकधी उघड्या मानेच्या कोंबड्या दिसतात. मानेवर पिसं नसल्याने त्या दिसायला ओबडधोबड असतात, पण अंगावरही पिसं कमी असल्यामुळे उष्णता त्या चांगली सोसतात. मिळाल्या तर नाकारू नका.

कोकणात आणि घाटमाथ्यावर उन्हापेक्षा ओल जास्त त्रास देते. चार महिने जमीन ओली, खुराड्यातला भुसा ओला, त्यातून पिल्लांना रक्ती हगवण. तिथे जात कुठलीही असो, खुराडं जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, खाली फटींच्या फळ्या आणि वर न गळणारं छप्पर हवंच. हे जमत नसेल तर पावसाळा संपेपर्यंत कोंबड्या आणू नका.

मग शत्रू. मुंगूस, रानमांजर, भटकी कुत्री, आकाशात घार आणि ससाणा. मोकळ्या परसात शत्रू जास्त असतील तर उंच पायांची, चपळ, तपकिरी किंवा मिश्र रंगाची कोंबडी घ्या. पांढरी कोंबडी घारीच्या नजरेत लगेच भरते. जड कोंबडी पळू शकत नाही. परसाला चांगलं कुंपण असेल आणि वर झाडांची दाट सावली असेल, तर जड आणि शांत जातही चालेल.

तिसरी पायरी: जाती ओळखून घ्या

ग्रामप्रिया. हैदराबादजवळ राजेंद्रनगर इथल्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने ही खास परसासाठी, अंडी डोळ्यांसमोर ठेवून तयार केली. अंगाने मध्यम, पाय लांब, फिरून खाणारी. अंडं तपकिरी आणि चांगलं मोठं, ५५ ग्रॅमच्या वरचं, त्यामुळे गावरान अंड्याच्या भावात बाजारातही खपतं. स्वभावाने ती गरीब आहे पण मंद नाही. माणसाला सरावते, हाताजवळ येते, आणि घार दिसली की पळूनही जाते. हे दोन्ही गुण एकत्र क्वचित सापडतात. अंडी हा मुख्य हेतू असेल तर माझी पहिली पसंती हिलाच.

वनराज. ही त्याच संस्थेची, पण अंडी आणि मांस दोन्हींसाठी. परसात वर्षाला १०० ते ११० अंडी आणि नर चांगला वजनदार. स्वभाव फारच शांत, मुलांनी उचललं तरी धडपड करत नाही. अडचण तिच्या वजनाची. भरपूर दाणा घातला की ती सुस्त होते, अंडी कमी करते आणि मुंगसाच्या तावडीत आधी सापडते. वनराज घेतलीत तर मोठ्या वयात तिला दाणा मोजूनच घाला.

गिरिराज. बंगळूरच्या हेब्बाळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ही तयार झाली आणि आपल्याकडे तिचं नाव घराघरात पोचलं. रंगीबेरंगी, भारदस्त, शांत. चांगलं खाद्य दिलं तर १३०-१५० अंडी देते. मात्र आठवडी बाजारात कुठल्याही रंगीत, जाड कोंबडीला गिरिराज म्हणून खपवतात. नावावर जाऊ नका, पिल्लू कुठून आलं ते विचारा.

कावेरी ही आणखी एक परसाला मानवणारी जात. केंद्र सरकारच्या बंगळूरजवळच्या हेसरघट्टा केंद्रातून ती आली. मध्यम अंगाची, तपकिरी अंड्यांची, ग्रामप्रियाच्या जवळ जाणारी. तुमच्या भागात ग्रामप्रिया मिळत नसेल आणि कावेरी मिळत असेल तर बिनधास्त घ्या.

ऱ्होड आयलंड रेड, म्हणजे आपल्या सरकारी प्रक्षेत्रांवर जिला नुसतं आर. आय. आर. म्हणतात ती. मूळची अमेरिकेतली, लालसर तांबड्या पिसांची. काटक, खाण्यात चोखंदळ नाही, अंडी भरपूर. कोंबड्या शांत असतात, पण हिचा कोंबडा वयात आल्यावर काही वेळा माणसाच्या पायावर झेप घेतो. लहान मुलं असतील तर आर. आय. आर. माद्याच ठेवा.

ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प. काळ्या ऑर्पिंग्टन या जातीपासून ऑस्ट्रेलियात निवड करत ही जात घडवली. तिथल्या १९२२-२३ च्या अंडी स्पर्धेत सहा कोंबड्यांच्या गटाने ३६५ दिवसांत सरासरी ३०९.५ अंडी दिली होती, आणि तेव्हा शेडमध्ये जादा दिवेही नव्हते. आपल्या परसात ते आकडे विसरा. पण स्वभावाच्या बाबतीत हिच्याइतकी सौम्य कोंबडी मी दुसरी सांगणार नाही. काळी तकतकीत पिसं उन्हात हिरवी चमकतात. ती पिसं ऊनही तेवढंच ओढून घेतात, म्हणून चंद्रपूर-अकोल्याकडे दाट सावली असल्याशिवाय हिला आणू नका. कोल्हापूर, सातारा, नाशिक, पुणे या पट्ट्यात ती मजेत राहते.

आर. आय. आर. आणि ऑस्ट्रलॉर्प या शुद्ध जाती आहेत, म्हणजे त्याच जातीचा कोंबडा ठेवला तर पिल्लं आईबापांसारखी निघतात. ग्रामप्रिया, वनराज, गिरिराज, कावेरी या संकरित आहेत. त्यांच्या अंड्यांतून पिल्लं निघतील, पण पुढच्या पिढीत अंडी घटतात आणि रंग-आकार विखुरतात. अंड्यांसाठी संकरित आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवी पिल्लं, हे गणित मान्य असेल तरच ती वाट धरा. घरचीच पैदास करायची असेल तर शुद्ध जातीकडे वळा.

आता दोन नावं, जी नवख्यांनी घरासाठी घेऊ नयेत असं मला वाटतं.

कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची. तिच्या काळ्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पक्षी देखणा आहे, काटक आहे, पण वर्षाला ८०-१०० च अंडी देतो आणि स्वभावाने बुजरा आहे. हात लावू देत नाही, भिंतीवरून उडून जातो. अंडी काळी असतात हा समज चुकीचा आहे, ती फिकट तपकिरीच असतात. भरमसाट भावाने अंडी-कोंबड्या परत विकत घेऊ असं सांगून कोणी कडकनाथ गळ्यात मारत असेल तर तिथून उठून या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात याच आमिषाने शेतकऱ्यांची मोठी फसवणूक झाली होती.

दुसरी असील. झुंजीसाठी वाढवलेली जात. माणसाशी ती पुष्कळदा प्रेमाने वागते, पण आपसात जीव जाईपर्यंत भांडते, आणि अंडी फारच कमी. खुडूक बसवायला मात्र असील किंवा तिच्या रक्ताची गावठी उत्तम.

मोठ्या पोल्ट्रीतल्या पांढऱ्या लेगहॉर्न वंशाच्या कोंबड्या, बीव्ही ३०० वगैरे, वर्षाला तीनशेच्या वर अंडी देतात हे खरं. पण त्या पिंजऱ्यासाठी घडवलेल्या आहेत. भित्र्या, जराशा आवाजाने भडकणाऱ्या, घारीला लांबून दिसणाऱ्या. पोल्ट्रीतून वर्ष-दीड वर्षाने काढून टाकलेल्या अशा कोंबड्या स्वस्तात मिळतात, त्या मोहात पडू नका.

चौथी पायरी: एकेक पक्षी हातात घेऊन स्वभाव जोखा

जात शांत असली तरी प्रत्येक पक्षी शांत निघतोच असं नाही. त्यामुळे घेताना प्रत्येक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, स्वतः हातात घ्या.

तळहात छातीखाली, बोटं दोन्ही पायांमध्ये, दुसरा हात पंखांवर, असं धरा. पहिलं अर्धं मिनिट सगळ्याच ओरडतात. एका मिनिटात जी शांत होते, श्वास संथ करते, इकडेतिकडे बघू लागते, ती घरासाठी चांगली. जी सतत पंख आपटते, चोच मारते, ती ठेवून द्या. मग डोळे बघा: गोल, चमकदार, पाणी नसलेले. नाकातून स्राव नको. पाय सरळ, खवले चकचकीत. शेपटीखालची पिसं कोरडी आणि स्वच्छ. ती बरबटलेली असतील तर हगवण आहे, आणि मग त्या एका पक्ष्याबरोबर तो सगळा गटच सोडा.

कोंबडा घ्यायचा असेल तर हीच पारख दुप्पट कडक करा. तापटपणा रक्तातून पुढे जातो. माणसावर धावणारा कोंबडा कितीही देखणा असला तरी त्याच्यापासून पिल्लं काढू नयेत. त्याला कळपातून काढावं, तेही लवकर. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुष्कळ झाला. दोन ठेवले तर ते आपसात भांडतात आणि माद्यांच्या पाठीची पिसं झडतात.

पाचवी पायरी: पिल्लं की तलंगा, आणि आणायच्या कुठून

नवख्यांनी एक दिवसाची पिल्लं घेऊ नयेत, आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घ्याव्यात. किंमत जास्त पडते पण ती वसूल होते. एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी ती कमी करायची. वीज गेली की पिल्लं एका कोपऱ्यात गोळा होऊन गुदमरतात. त्यात भर म्हणजे न निवडलेल्या पिल्लांत निम्मे नर निघतात. रस्त्यावर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात, ती तर घेऊच नका. बहुतेक ती पोल्ट्रीच्या अंड्यांच्या जातीतले नको असलेले नर असतात, आणि रंगवताना, वाहतुकीत आधीच खचलेली असतात.

चौकशीची पहिली जागा म्हणजे तुमच्या तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, काही जिल्ह्यांत सधन कुक्कुट विकास गट आहेत. मुंबईत गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारचं कुक्कुट विकास केंद्र आहे. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही तलंगा मिळतात किंवा पत्ता मिळतो. मागणी आधी नोंदवावी लागते, हातोहात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. अनुदानाच्या योजनाही याच दवाखान्यात समजतात.

खाजगी माणसाकडून घेताना तीन प्रश्न विचारा: पिल्लं कोणत्या उबवणी केंद्रातली, लशी कोणत्या आणि कधी दिल्या, आणि आतापर्यंत खाद्य कोणतं होतं. तिन्हींची नीट उत्तरं देणारा माणूस विश्वासाचा.

वेळ म्हणाल तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात तलंगा आणाव्यात. ऊन सौम्य, किडे-गवत भरपूर. पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की जानेवारीच्या आगेमागे, दिवस मोठा होऊ लागताना, त्या अंड्यावर येतात. सगळ्या एकाच ठिकाणाहून, एकाच वयाच्या आणा. वेगवेगळ्या घरच्या कोंबड्या एकत्र केल्या तर रोगही एकत्र येतात आणि मारामाऱ्याही होतात.

सहावी पायरी: येण्याआधी खुराडं तयार ठेवा

रात्रीच्या खुराड्यात प्रत्येक कोंबडीला दीड ते दोन चौरस फूट जागा. आठ कोंबड्यांना चार फूट बाय चार फूट पुरे. बसायला आडवी दांडी, प्रत्येकीला आठ-दहा इंच. चार-पाच कोंबड्यांमागे एक अंडी घालायचा खोका, फूटभर लांब-रुंद-उंच, अंधाऱ्या कोपऱ्यात, तळाशी भाताचं तूस किंवा सुकं गवत. जाळी बारीक हवी. मुंगूस अगदी अरुंद फटीतून घुसतं, आणि एकदा घुसलं की एक मारून थांबत नाही. दार संध्याकाळी न विसरता बंद करायचं. घरातल्या एकाच माणसाने हे काम पत्करावं.

खाण्याच्या बाबतीत एक नियम फार महत्त्वाचा आहे. अठरा आठवड्यांच्या आतल्या तलंगांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य घालू नका. त्यात चुना जास्त असतो आणि कोवळ्या वयात तो मूत्रपिंडांना बाधतो. तोवर वाढीचं खाद्य द्या, पहिलं अंडं दिसलं की बदला. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं. परसात फिरत असेल तर त्यातलं बरंच ती स्वतः मिळवते, तुम्ही संध्याकाळी मका-ज्वारीचा भरडा, तांदळाची कणी, थोडी पेंड एवढं घाला. शेवग्याचा पाला आणि पाण्यावर वाढणारा अ‍ॅझोला उत्तम. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. ज्या कोंबडीला लागतो ती बरोबर खाते, आणि कवच पातळ होण्याची तक्रार राहत नाही. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा पेंड मात्र कधीही नाही. पावसाळ्यात दमट पोत्यात ही बुरशी डोळ्यांना दिसण्याआधी वासाने कळते.

पाणी उन्हाळ्यात दुप्पट लागतं. मातीचं पसरट भांडं, सावलीत, दिवसातून दोनदा बदललेलं.

सातवी पायरी: लसीकरण ठरलेल्या दिवशीच

आपल्याकडे परसातले कळप संपतात ते बहुतांशी मानमोडीने, म्हणजे राणीखेतने. हिरवट हगवण, सुस्ती, मग मान वाकडी, आणि दोन-चार दिवसांत सगळं खुराडं रिकामं. यावर औषध नाही, लसच आहे.

पिल्लं घेतली असतील तर पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही राणीखेतची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. सहा-आठ आठवड्यांत देवीची लस. आठ-दहा आठवड्यांत राणीखेतची आर टू बी ही टोचायची लस. तलंगा आणल्या असतील तर यातलं काय झालं आणि काय राहिलं ते दवाखान्यात दाखवून पुढचं ठरवा. लशीची बाटली बर्फात आणायची, फोडल्यावर दोन तासांत संपवायची. एका बाटलीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात, त्यामुळे आठ कोंबड्यांसाठी ती फोडणं परवडत नाही म्हणून लोक टाळतात. उपाय सोपा आहे: वाडीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवावा. शेजारच्यांच्या कोंबड्या सुरक्षित राहिल्या तर तुमच्याही राहतात.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नका, खाऊ तर नकाच. दवाखान्याला लगेच कळवा. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता. तेव्हापासून अशा मरतुकीची दखल घेण्याची व्यवस्था आहे, तिचा उपयोग करा.

आठवी पायरी: स्वभाव घडवा

जातीने निम्मं काम होतं, उरलेलं पहिल्या महिन्यात तुम्हाला करावं लागतं. आणल्यावर चार-पाच दिवस खुराड्यातच ठेवा म्हणजे घर ओळखतील. रोज एकाच वेळी, एकाच आवाजात, "ति ति ति" करत दाणा टाका. मग हळूहळू तळहातावर दाणा धरून बसा. उभं राहून वरून हात घालू नका. वरून येणारी सावली कोंबडीला घारीची वाटते. बसून, बाजूने हात न्या. पकडायचीच असेल तर अंधार पडल्यावर दांडीवरून अलगद उचला. दिवसा मागे धावून पकडलेली कोंबडी पुढे कित्येक दिवस तुम्हाला टाळते.

मुलांना पहिल्या दिवसापासून धरायची पद्धत शिकवा आणि पाठलाग करायला ठाम मनाई करा. मुलं खाली बसून दाणा भरवू लागली की महिन्याभरात कोंबड्या त्यांच्या मांडीवर चढतात.

एकमेकींना टोचणं सुरू झालं तर चोची कापण्याआधी कारण शोधा. जागा कमी, खाण्यात प्रथिनं कमी, किंवा करायला काम काही नाही. पालेभाजीची जुडी दोरीने उंचावर टांगून ठेवली तरी दुपार शांततेत जाते.

नववी पायरी: गावठी कोंबडीला तिचं काम द्या

गावठी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंगाची पिसं फुलवून खोक्यातून उठेना आणि वेगळाच आवाज काढू लागली, की तिला शांत, अंधाऱ्या जागी डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, बसवा. सुधारित कोंबडीची अंडी मोठी असतात, त्यामुळे आठ-दहाच ठेवा. अंडी उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांपेक्षा जुनी नकोत, थंडीत आठ-दहा दिवसांची चालतात. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात बघा, ज्यांत लाल शिरांचं जाळं दिसत नाही ती काढून टाका. तिच्याजवळ दाणा-पाणी ठेवा, ती दिवसातून एकदाच उठते. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात आणि त्यांना खाणं, लपणं, घार ओळखणं सगळं तीच शिकवते. दिव्याखाली वाढवलेल्या पिल्लाला हे येत नाही.

ऑस्ट्रलॉर्प किंवा आर. आय. आर. ची जोडी असेल तर त्यांचीच अंडी तिच्याखाली ठेवा. अशा रीतीने दरवर्षी पाच-सहा नव्या तलंगा घरच्या घरी तयार होतात.

नव्यांची गरज पडतेच. दुसऱ्या वर्षी अंडी पहिल्यापेक्षा कमी होतात, अंडं मोठं होतं पण कवच पातळ. पिसं झडण्याच्या काळात दीड-दोन महिने अंडं जवळपास थांबतं, तेव्हा ती आजारी आहे असं समजून औषधं पाजत बसू नका, शेंगदाणा पेंड, सुकट असं प्रथिनांचं खाणं वाढवा. दोन वर्षांच्या पुढची कोंबडी ठेवायची की नाही, हे घरात आधीच बोलून ठरवा, विशेषतः मुलांनी तिला नाव ठेवलं असेल तर. नव्या तलंगा जुन्यांत मिसळताना आठवडाभर जाळीपलीकडे ठेवा, मग रात्री अंधारात दांडीवर त्यांच्या शेजारी बसवा. सकाळी थोडी झटापट होईल. त्या दिवशी दाण्याची भांडी दोनऐवजी चार ठेवा आणि रक्त आलं नाही तर मध्ये पडू नका.